फुगलेला कपॅसिटर बदलण्यापूर्वी

साकीनाका, अंधेरी, भांडुप येथील गाळेधारकांकडून आम्हाला वरचेवर एकच फोन येतो: पॅनेलमधला कपॅसिटर फुगला आहे, तेवढाच दुसरा पाठवून द्या. आम्ही तो लगेच का पाठवत नाही, हे येथे सांगत आहोत.

हा कपॅसिटर पॉवर फॅक्टर, म्हणजे लाइनमधून घेतलेल्या एकूण विजेपैकी (केव्हीए) प्रत्यक्ष कामी येणाऱ्या विजेचे (किलोवॅट) प्रमाण, सुधारण्यासाठी बसवतात. त्याचा लाभ आपणांस ठाऊक आहेच. १०० किलोवॅटचा भार ०.८० पॉवर फॅक्टरला १२५ केव्हीए घेतो, ०.९८ ला सुमारे १०२. पॅनेलपर्यंत येणाऱ्या केबलमधला करंट त्यामुळे जवळपास १८ टक्क्यांनी कमी होतो आणि तिच्यात उष्णता होऊन वाया जाणारी वीज साधारण एक तृतीयांशाने घटते. मोटर स्वतः जेवढी वीज खाते, ती मात्र कपॅसिटरने कमी होत नाही. तसे सांगून माल विकणाऱ्यांपासून सावध राहावे.

खरी अडचण पुढे आहे. सीएनसी मशीन, ड्राइव्ह (मोटरचा वेग बदलणारे उपकरण), यूपीएस, एलईडी दिवे आणि संगणकांचे एसएमपीएस (आतले वीजपुरवठा युनिट) करंट सलग न घेता तुकड्यातुकड्याने ओढतात, त्यामुळे ५० हर्ट्‌झच्या पुरवठ्यात १५०, २५०, ३५० हर्ट्‌झचे हार्मोनिक करंट, म्हणजे मूळ वारंवारतेच्या पटीतले करंट, मिसळतात. २५० हर्ट्‌झला कपॅसिटरचा अडथळा पाचपटीने कमी होत असल्याने हे करंट त्याच्याकडेच धाव घेतात. कपॅसिटर आणि ट्रान्सफॉर्मर यांची मिळून होणारी नैसर्गिक वारंवारता हार्मोनिकशी जुळली, म्हणजे अनुनाद (रेझोनन्स) झाला, तर ते कित्येक पटींनी वाढतात. कपॅसिटरच्या डब्याचे झाकण वर येते, कॉन्टॅक्टरचे (कपॅसिटर चालू-बंद करणाऱ्या स्विचचे) पॉइंट काळे पडतात, फ्यूज उडतात. अशा जागी तसाच कपॅसिटर पुन्हा बसवणे म्हणजे तोच खर्च पुन्हा करणे होय, आणि ‘या वेळी मोठा बसवू’ म्हणणे त्याहून धोक्याचे, कारण त्याने अनुनाद नेमका २५० हर्ट्‌झवर येऊ शकतो.

म्हणून आम्ही आधी भार चालू असताना हार्मोनिक मोजतो. गरज दिसल्यास ७ टक्के रिॲक्टर (हार्मोनिकला अडवण्यासाठी कपॅसिटरला जोडलेली कॉइल) आणि त्यासोबत ५२५ व्होल्टचा कपॅसिटर सुचवतो, कारण रिॲक्टरमुळे ४४० व्होल्टच्या लाइनवर कपॅसिटरला सुमारे ४७३ व्होल्ट सोसावे लागतात. हा संच महाग वाटतो हे खरे, पण तो टिकतो. नवे एसएमपीएस घेताना ॲक्टिव्ह पीएफसी (पॉवर फॅक्टर आपोआप सुधारणारे सर्किट) असलेलेच घ्यावे. त्यांचा पॉवर फॅक्टर पूर्ण भारावर सहसा ०.९५ च्या वर असतो आणि हार्मोनिकचा त्रास मुळातच कमी होतो.

फोन करण्यापूर्वी मागील १२ महिन्यांची बिले, मशीनांची यादी आणि फुगलेल्या कपॅसिटरवरील लेबलचा फोटो तयार ठेवावा. मेन स्विच बंद केल्यावरही कपॅसिटरमध्ये चार्ज राहतो, तेव्हा फोटोसाठी पॅनेलचे झाकण उघडण्याचे काम जाणत्या वायरमनकडूनच करवून घ्यावे. मोजणीचे शुल्क आम्ही घेतो. पॅनेलची ऑर्डर दिल्यास ते बिलातून वजा केले जाते.