आयोनायझर: हवेतली धूळ जाते कुठे?

पावसाळा लागला की गोव्यातल्या फ्लॅटमध्ये कपाटामागच्या भिंतीला ओल येते, चामड्याच्या चपलांवर पांढरी बुरशी धरते आणि बंद खोलीला कुबट वास सुटतो. तो घालवायला म्हणून बरेच जण आयोनायझर, म्हणजे हवेत विद्युतभारित कण (आयन) सोडणारं यंत्र, आणतात. यंत्र काही करतच नाही असं नाही. पण बुरशी हटवणं हे त्याचं काम नव्हे, आणि चुकीचं यंत्र घेतलं तर अपायच व्हायचा.

आयोनायझरमधलं छोटं सर्किट घरातल्या २३० व्होल्टचा दाब वाढवून साधारण उणे ४,००० ते ७,००० व्होल्टपर्यंत नेतं आणि सुईच्या टोकाला किंवा कार्बन तंतूंच्या ब्रशला देतं. टोक जितकं अणकुचीदार, तितकं त्याच्याजवळचं विद्युतक्षेत्र तीव्र. तिथून सुटलेले इलेक्ट्रॉन ऑक्सिजनच्या रेणूंना चिकटतात, भोवती पाण्याचे काही रेणू गोळा होतात आणि ऋण आयन, म्हणजे ऋण भार असलेला कण, तयार होतो. विजेचा प्रवाह मायक्रोअँपियरमध्येच असतो, त्यामुळे बिलात फरक जाणवत नाही.

धबधब्यापाशीही असे आयन बनतात. पाणी आपटून फुटताना उडणारे अतिसूक्ष्म तुषार ऋण भार घेऊन हवेत जातात, हे फिलिप लेनार्ड यांनी १८९२ मध्ये दाखवलं. दूधसागराखालच्या हवेत आयन भरपूर असतात ते यामुळे. मात्र तिथे गारवा असतो, झाडी असते, धूळ नसते. ताजेतवानं वाटण्याचं सगळं श्रेय आयनांना देता येत नाही. दम्यासाठी आयोनायझर उपयोगी पडतो का, याचा कॉक्रेन या वैद्यकीय संशोधनाचे आढावे घेणाऱ्या संस्थेने आढावा घेतला, तेव्हा फुफ्फुसांच्या कार्यक्षमतेत ठळक सुधारणा आढळली नाही.

धुळीवर मात्र परिणाम होतो. आयन धुळीच्या, धुराच्या कणांना चिकटून त्यांना भारित करतात आणि ते कण जवळच्या भिंतीकडे, पडद्याकडे, टीव्हीच्या पडद्याकडे ओढले जातात. म्हणजे कण हवेतून गेले तरी घरातच राहिले. काही आठवड्यांत यंत्रामागे भिंतीवर करडा डाग उमटतो. वास्कोत खिडकीतून बंदरावरच्या कोळशाची पूड येत असेल तर तो आणखी काळा. हा थर ओल्या फडक्याने पुसला नाही, तर झाडताना किंवा पंख्याच्या वाऱ्याने त्यातला काही भाग पुन्हा हवेत येतो. यंत्र भिंतीपासून किमान ३ फूट दूर आणि उशाशी मुळीच ठेवू नये. कण अडकवणाऱ्या धातूच्या पट्ट्या असलेलं यंत्र साध्या सुईच्या यंत्रापेक्षा बरं, पण पट्ट्या साबणाच्या पाण्याने धुऊन पूर्ण वाळवाव्या लागतात. पावसाळ्यात त्या वाळायला दिवसभरही लागतो. ओल्याच बसवल्या की आत ठिणग्या उडून तडतड आवाज येतो.

खरी काळजी ओझोन या श्वासाला अपायकारक वायूची. सुईच्या टोकापाशी ऑक्सिजनचे काही रेणू फुटतात, सुटा अणू दुसऱ्या रेणूला चिकटतो आणि ओझोन बनतो. कॅलिफोर्नियाच्या नियमानुसार घरगुती यंत्रासाठी मर्यादा ०.०५ पीपीएम (हवेच्या दहा लाख भागांत ०.०५ भाग) आहे, म्हणजे घनमीटरला सुमारे १०० मायक्रोग्रॅम. १० बाय १२ फुटांची, १० फूट उंचीची खोली ३४ घनमीटरची. तासाला २ मिलिग्रॅम ओझोन सोडणारं यंत्र तिथे मर्यादेच्या बरंच आत राहतं, कारण भिंती आणि कापड ओझोन शोषून घेतात. पण 'निर्जंतुकीकरणा'साठी विकली जाणारी, तासाला ५०० मिलिग्रॅम सोडणारी यंत्रं बंद खोलीत तीच मर्यादा चाळीसेक पटींनी ओलांडू शकतात. अशा खोलीत माणसाने किंवा पाळीव प्राण्याने थांबू नये. खोकला, घशाची जळजळ, छातीत आवळल्यासारखं होणं ही पहिली लक्षणं.

वासावर भिस्त ठेवू नका. झेरॉक्सच्या दुकानात येतो तसा तिखट वास पहिल्यांदा जाणवतो, पण थोड्याच वेळात नाक सरावतं. बाहेरून खोलीत शिरताना वास येत असेल तर यंत्र बंद करा. फरशीला लिंबाच्या किंवा पाइनच्या वासाचं फिनेल लावल्यावर तर आयोनायझर लावूच नका. त्यांतल्या सुगंधी द्रव्यांशी ओझोनची अभिक्रिया होऊन फॉर्मल्डिहाइड आणि अतिसूक्ष्म कण तयार होतात. गळ्यात घालायची यंत्रंही टाळावीत, ती ओझोन सोडतात ते थेट नाकापाशी.

सुईवर धुळीची लव साचली की आयन कमी होतात आणि सीं-सीं आवाज वाढतो. पंधरा दिवसांनी, पावसाळ्यात दर आठवड्याला, प्लग काढून काही मिनिटं थांबावं आणि आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये भिजवलेल्या कापसाच्या काडीने टोक पुसावं. समुद्राजवळच्या घरात खारट ओलाव्यामुळे इन्सुलेशनवरून वीज गळते. तिथे यंत्र कमकुवत होण्याचं ते एक मोठं कारण.

आता बुरशी. ती ओलाव्यावर जगते. दोन-तीनशे रुपयांचा आर्द्रतामापक घ्या. जुलैत तो ८५ टक्क्यांवर सहज दिसेल. ६० च्या खाली आणायचं तर डिह्युमिडिफायर किंवा एसीचा 'ड्राय' मोड लागेल. कपाट भिंतीपासून चार बोटं पुढे ओढा, गळती दुरुस्त करा. धुराचा, धुळीचा त्रास असेल तर पैसे हेपा फिल्टरच्या, म्हणजे सूक्ष्म कण गाळून अडकवणाऱ्या जाळीच्या, यंत्रावर घाला. वरच्या मापाच्या खोलीला ताशी १७० घनमीटर सीएडीआर (यंत्र तासाला किती स्वच्छ हवा देतं त्याचं माप) पुरे. त्यात किंवा एसीत आयोनायझरचं वेगळं बटण असेल, तर ते बंद ठेवलं तरी फिल्टर आपलं काम करतोच.