खरी माणसं दिसली म्हणजे सिनेमा नव्हे

‘४२८ : शिबुया स्क्रॅम्बल’ या जपानी व्हिडिओ गेमचा विषय निघाला की कुणीतरी हमखास म्हणतं, “अच्छा, म्हणजे बँडरस्नॅचसारखं!” नाही हो. दोन्हींत खरे नट आहेत आणि दोन्हींत पर्याय निवडायचे असतात, एवढंच साम्य.

२०१८ साली नेटफ्लिक्सवर आलेला बँडरस्नॅच बऱ्याच जणांनी पाहिलाय, त्यामुळे इंटरॅक्टिव्ह मूव्हीचं, म्हणजे प्रेक्षकाच्या निवडीनुसार वळणाऱ्या सिनेमाचं, पुराण लावत नाही. ‘४२८’ ही व्हिज्युअल नॉव्हेल, म्हणजे चित्रांसोबत मजकूर वाचत खेळायची गेम आहे. चुनसॉफ्ट कंपनीची ही गेम जपानमध्ये वी कन्सोलवर २००८ साली आली. इंग्रजीत यायला २०१८ उजाडलं. टोकियोच्या शिबुया भागात काढलेले स्थिर फोटो, त्यांवर मजकूर, व्हिडिओ चवीपुरता. वाचायचा कंटाळा असेल तर वाटेला जाऊ नका, पण मग ‘यात काही हलतच नाही’ म्हणून एक स्टारही देऊ नका.

तसा फोटो की व्हिडिओ हा मुद्दा किरकोळ. खरा घोळ होतो तो पर्याय कशासाठी आहेत, याबद्दल.

इंटरॅक्टिव्ह मूव्हीत बहुतेकदा एकच नायक असतो. त्याच्या वतीने तुम्ही निवडता, फळही त्यालाच मिळतं. ‘४२८’मध्ये पाच जण आहेत: अपहरणाच्या तपासावरचा डिटेक्टिव्ह कानो, टोळीची म्होरकेगिरी सोडून रस्त्यावरचा कचरा उचलणारा आची, विषाणूतज्ज्ञ ओसावा, पत्रकार मिनोरिकावा आणि मांजराच्या पोशाखात अडकलेली तामा. दिवस एकच, २८ एप्रिल, सकाळी १० ते रात्री ८. आणि एकाने केलेलं दुसऱ्याला भोवतं! समजा आचीच्या गोष्टीत तुम्ही एक फुटकळ पर्याय निवडलात. तिकडे कानोची गोष्ट बॅड एंडिंगवर, म्हणजे अकाली वाईट शेवटावर आपटते. आता कानोकडून कितीही शहाणपणा करवून घ्या, उपयोग शून्य, कारण चूक त्याच्या गोष्टीत नाहीच. वेळापत्रकावर मागे जायचं, बाकी चौघांपैकी कुणाचा पाय मध्ये आला ते हुडकायचं आणि तिथला पर्याय बदलायचा. मध्येच ‘कीप आउट’ची पाटी लागून गोष्ट अडते, मग दुसऱ्या कुणाच्या तरी मजकुरातल्या शब्दावरून उडी मारून यावं लागतं. पाचांचा मेळ बसल्याशिवाय पुढचा तास उघडत नाही.

म्हणून ‘मला अमुक एंडिंग मिळालं, गेम संपली’ हे वाक्य बँडरस्नॅचला शोभतं. इथे बॅड एंडिंग म्हणजे पुरावा. तो नीट वाचायचा, कुठे बिनसलं ते ताडायचं. पहिल्याच फटक्याला गाईड उघडणाऱ्यांची मला कीव येते. कोडंच दुसऱ्याकडून सोडवून घेतल्यावर उरतं काय?

माझं मत विचाराल तर दहा सेकंदांत बटण दाबण्यापेक्षा हे गुंते सोडवणं केव्हाही सरस. जपानच्या फामित्सू या गेमविषयक साप्ताहिकाने ४० पैकी ४० गुण दिले, ते उगाच नाही. पीसी आणि प्लेस्टेशन ४ वर इंग्रजी आवृत्ती आहे. चुनसॉफ्टचीच १९९८ची ‘माची’ही शिबुयातच घडते, तिथे नायक आठ, पण ती अधिकृतपणे इंग्रजीत आलेली नाही.