आंबट आहे ना, मग टेस्ट कशाला? – थोडी पार्श्वभूमी

तुर्भ्याच्या एमआयडीसीत फूड टेस्टिंगच्या लॅबमध्ये बसलं की हा प्रश्न महिन्यातून एकदा तरी येतोच. खजूर-चिंचेची चटणी पाउचमध्ये भरून विकणारे एक काका आहेत, चिंच वाशीच्या मार्केटमधून उचलतात, त्यांनी परवा कोटेशन बघून सरळ विचारलं, "अहो, एवढं आंबट आहे ते, पीएच साडेतीनच्या आसपास, त्यात साल्मोनेला कुठून जगणार? ही टेस्ट काढा की."

साल्मोनेला म्हणजे जुलाब-ताप आणणारा जंतू, आणि पीएच म्हणजे आंबटपणाचा आकडा, जितका कमी तितकं जास्त आंबट. काका उगाच बोलत नाहीत. आमच्या धंद्यात 4.6 हा आकडा देवाच्या फोटोसारखा भिंतीवर असतो. पीएच 4.6 च्या खाली गेला की माल 'ॲसिड फूड', वर राहिला की डबाबंद करताना प्रचंड भानगडी. फक्त हा आकडा आलाय बोटुलिझमच्या जंतूवरून, त्याचे स्पोअर (जंतूची झोपलेली, कडक कवचातली अवस्था) 4.6 च्या खाली उगवून वाढत नाहीत म्हणून. अमेरिकेत 1970 च्या दशकात डबाबंद मालाचे नियम आले तेव्हा तो कायद्यात पक्का झाला आणि तिथून जगभर पसरला. त्या आकड्याचा अर्थ 'वाढत नाही' एवढाच. 'मरतो' असं तो कुठेच म्हणत नाही आणि बाकीच्या जंतूंबद्दल तर काहीच म्हणत नाही. पण मधल्या काळात लोकांनी तो 'सेफ' असाच वाचला, शिकलेल्यांनीसुद्धा.

जुना इतिहास पटकन उरकतो. पीएचची मोजपट्टी 1909 ची, कोपनहेगनमधल्या एका बीअर कंपनीच्या लॅबमधली. 1940 च्या दशकात इंग्लंडमध्ये दिसलं की ई. कोलाय हा आतड्यातला जंतू आंबट माध्यमात वाढवला की तो अमिनो ॲसिडमधला (प्रोटीनच्या विटांमधला) कार्बन डायऑक्साइड तोडून काढणारी एन्झाइम्स (रासायनिक काम उरकणारी प्रोटीन्स) भरपूर बनवतो. म्हणजे जंतू ॲसिडला कसं तोंड देतो याचं उत्तर तेव्हाच समोर होतं. पण त्याचा उपयोग काय झाला, तर जंतू ओळखायच्या टेस्टसाठी! लायसिन या अमिनो ॲसिडची ट्यूब आपण लॅबवाल्या सगळ्यांनी लावलीय. आधी ग्लुकोज खाऊन जंतू ॲसिड करतो, ट्यूब पिवळी होते, मग त्या ॲसिडमुळेच एन्झाइम चालू होतं, लायसिन तुटतं आणि ट्यूब परत जांभळी. जंतू ॲसिडशी कसा लढतो त्याचा अख्खा सिनेमा त्या ट्यूबमध्ये रोज चालू असतो आणि आपण रजिस्टरमध्ये 'पॉझिटिव्ह' लिहून पुढच्या ट्यूबकडे वळतो. मीही वर्षानुवर्षं हेच केलंय.

खरी गंमत 1989 नंतर सुरू होते, आणि गोंधळही. एमएस्सीला असताना ठाणे स्टेशनबाहेर झेरॉक्स काढून वाचलेले पेपर याच काळातले, म्हणून इथे जरा रेंगाळतो.

1989 मध्ये एका गटाने दाखवलं की ई. कोलायला आधी हलक्या ॲसिडमध्ये वाढवलं तर नंतरच्या मारक ॲसिडमध्ये तो टिकतो. त्यांनी शब्द वापरला 'हॅबिच्युएशन', म्हणजे सवय. 1990 मध्ये दुसऱ्या गटाने साल्मोनेला घेतला, 7.6 वरून 5.8 पीएचला आणून एक पिढी वाढू दिला आणि मग 3.3 मध्ये टाकला, तर सरळ 3.3 मध्ये टाकलेल्यांपेक्षा हे शंभर ते हजार पटीने जास्त जगले. याला नाव दिलं 'ॲसिड टॉलरन्स रिस्पॉन्स'. त्यातच पुढे 'ॲसिड शॉक' आला, म्हणजे 4.5 च्या आसपासचा धक्का, त्याची प्रोटीन्स वेगळी. चीजवर काम करणाऱ्यांनी 1992 मध्ये जवळपास हीच गोष्ट 'ॲसिड ॲडाप्टेशन' म्हणून लिहिली. आणि 1993 मध्ये पाचवा शब्द, 'ॲसिड रेझिस्टन्स', याची व्याख्या मात्र आकड्यात: पीएच 2.5 मध्ये 2 तास ठेवून 10 टक्क्यांपेक्षा जास्त जिवंत राहिले तर रेझिस्टंट. या परीक्षेत शिगेला (हगवणीचा जंतू) आणि ई. कोलाय पास, साल्मोनेला नापास.

आता बघा काय झालं. साल्मोनेला 'टॉलरंट' आहे पण 'रेझिस्टंट' नाही. टॉलरन्सचे प्रयोग भराभर वाढणाऱ्या पेशींवर 3 च्या आसपास झालेले, रेझिस्टन्सचे प्रयोग वाढ थांबलेल्या, उपाशी पेशींवर 2.5 ला. वाढ थांबली की जंतू आपोआपच चिवट होतो, ॲसिड दाखवा की न दाखवा. म्हणजे दोन शब्दांच्या मागे जंतू वेगळा, पेशीची अवस्था वेगळी, पीएच वेगळा, आणि लोक ते एकमेकांच्या जागी बिनधास्त वापरतात. पुढच्या आढावा लेखांनी हद्द आखायचा प्रयत्न केला, पण फॅक्टरीवाल्यांपर्यंत पोचेस्तोवर सगळं 'ॲसिड टॉलरंट' या एकाच डब्यात. माझं मत विचाराल तर 'टॉलरन्स' या शब्दाने नुकसान केलं, त्यात 'सहन करतोय बिचारा' असा भाव आहे. जंतू सहन करत बसत नाही, तो तयारी करतो. 'सवय' हा पहिला शब्दच बरा होता, पण तो मागे पडला.

मराठीत तर अजून मजा. 'आम्लरोधक' म्हटलं की अर्ध्यांना ॲसिडिटीची गोळी आठवते. आणि एका ट्रेनीने मला विचारलं होतं की ई. कोलाय ॲसिडमध्ये जगतो तर त्याला 'ॲसिड फास्ट' म्हणायचं का. तो शब्द टीबीचा, थुंकीच्या स्लाइडवरचा रंग ॲसिडने धुतला जात नाही एवढाच त्याचा अर्थ. हसलो नाही मी, प्रश्न रास्त होता.

हे सगळं पेपरातच राहिलं असतं, पण बाहेर माणसं आजारी पडायला लागली. ई. कोलाय ओ157:एच7 हा 1982 मध्ये कच्च्या राहिलेल्या बर्गरमुळे ओळखला गेला, तेव्हा ॲसिडचा विषयच नव्हता. 1991 मध्ये अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्समध्ये सफरचंदाच्या न उकळलेल्या सायडरमुळे (म्हणजे पिळून काढलेल्या रसामुळे) 23 जण आजारी पडले, सायडरचा पीएच 4 च्या खाली. 1994 मध्ये सुकवलेली आंबट सलामी. 1996 मध्ये सफरचंदाचा ताजा ज्यूस, सत्तरच्या आसपास आजारी आणि एक लहान मूल गेलं. तिन्ही माल 'आंबट आहे, काही होत नाही' या यादीतले. सायडरच्या तपासात कळलं की हा जंतू फ्रिजच्या गारव्यात त्यात 20 दिवस टिकतो, आणि बाहेर ठेवला तर लवकर मरतो! आंबट पदार्थात थंडी जंतूला सांभाळते, कारण ॲसिडचं मारायचं कामही थंडीत हळू चालतं. हे सांगितलं की लोकांचा विश्वास बसत नाही. अमेरिकेत ज्यूसवर पुढे आधी इशाऱ्याचं लेबल आणि मग 2001 मध्ये जंतू लाखाच्या पटीत कमी करायचा नियम आला, दुकानात काढून तिथेच विकणाऱ्यांना मात्र लेबलवर सोडलं.

आतली यंत्रणा याच दहा-पंधरा वर्षांत उलगडली. ई. कोलायचं मुख्य हत्यार ग्लुटामेट, तेच जे चायनीजच्या गाडीवर अजिनोमोटो म्हणून पडतं. पेशीत घुसलेला प्रोटॉन (आंबटपणा आणणारा कण) वापरून एन्झाइम ग्लुटामेटचा गाबा नावाचा दुसरा पदार्थ करतं, एक प्रोटॉन खर्ची पडतो, आणि दारावरचं प्रोटीन गाबा बाहेर टाकून नवीन ग्लुटामेट आत घेतं. बाहेर 2.5 असताना आत साधारण 4.2 राहतो, आणि तेवढ्यावर जंतू तग धरतो. आर्जिनिन या अमिनो ॲसिडचं असंच दुसरं दुकान, लायसिनचं तिसरं. साल्मोनेलाकडे ग्लुटामेटवाली सोय नाहीच, म्हणून तो 2.5 च्या परीक्षेत नापास. लिस्टेरिया या आणखी एका जंतूकडे ती आहे, हे 2001 च्या सुमारास कळलं. पेशीच्या दोन आवरणांमधल्या जागेत छोटी प्रोटीन्स असतात, ती ॲसिडमध्येच उलगडतात आणि बाकीच्या प्रोटीन्सचा गोळा होऊ देत नाहीत, हे 2000 मध्ये कळलं. दारावरच्या प्रोटीन्सचे नकाशे आले 2009 आणि 2012 मध्ये.

आणि ॲसिड 'कळतं' कसं? एकच पीएच मीटर नाहीये. एक सेन्सर लायसिन आणि ॲसिड दोन्ही असतील तरच बटण दाबतो. दुसरा आवरणात बसून हलका आंबटपणा हेरतो आणि ग्लुटामेटवाली फौज उठवतो. साल्मोनेलाचा एक सेन्सर आपल्याच पांढऱ्या पेशींच्या पोटातलं ॲसिड ओळखतो. म्हणजे आपण ज्याला मारायचं हत्यार समजतो, त्याला तो 'आलो बरं का शरीरात' असा निरोप समजतो.

शिवाय ॲसिड कुठलं हेही महत्त्वाचं, त्याच पीएचला व्हिनेगर जास्त मारतं, कारण ॲसेटिक ॲसिडचे न फुटलेले रेणू थेट आत शिरतात, चिंच-लिंबूवाल्या ॲसिडला तेवढं सहज जमत नाही. काकांच्या चटणीत व्हिनेगर नाही. आणि आंबटपणा हळूहळू चढला, दही लागताना चढतो तसा, तर जंतूला तयारीला वेळच वेळ.

म्हणून चॅलेंज टेस्ट करताना, म्हणजे मुद्दाम जंतू टाकून पदार्थ बघताना, कुठला जंतू टाकायचा हा प्रश्न येतो. साध्या ब्रोथमधला (जंतू वाढवायच्या द्रवातला) टाकला तर तो पटकन मरतो आणि रिपोर्ट छान येतो. 1996 पासून एक सोपी युक्ती माहीत आहे, ब्रोथमध्ये 1 टक्का ग्लुकोज घाला, जंतू रात्रभरात स्वतःच ॲसिड करून स्वतःला तयार करतो, मग तो टाका. काकांना मी नवीन कोटेशन पाठवलंय, साल्मोनेलाची टेस्ट ठेवून, वर अशा तयार केलेल्या जंतूची चॅलेंज टेस्ट धरून. फोन आला होता, म्हणाले, "मी टेस्ट काढा म्हटलं, तुम्ही अजून एक वाढवलीत."