कुत्रा बारीक होतोय की त्याचे मसल्स झिजतायत?

आमच्या लॅब्रॅडॉरचं वजन वर्षभर २८ किलोच्या आसपास होतं त्यामुळे मी निवांत होते, आणि मग एकदा आंघोळ घालताना ओल्या पाठीवरनं हात फिरवला तर मणके एकेक मोजता येत होते, पोट मात्र मस्त गोल. काट्यावर काहीच बदललं नव्हतं!

तर बारीक होणं म्हणजे बहुतेक वेळा आधी चरबी जाते. ते बरगड्यांवर कळतं. स्वतःचा हात सपाट पसरून त्याच हाताच्या मागच्या बाजूवर बोटं फिरवा, बरगड्या साधारण तशा लागल्या तर ठीक, मूठ आवळल्यावर वर येतात त्या हाडांसारख्या टोचल्या तर कुत्रा बारीक आहे. व्हेट १ ते ९ असा स्कोअर देतात, त्यात ४-५ चांगला.

मसल्सचं वेगळं, तिथे बरगड्या बघून काही उपयोग नाही कारण त्यांच्यावर चरबी असू शकते. हात ठेवायचा डोक्यावर डोळ्यांच्या मागे (तिथे खड्डे पडतात), खांद्याच्या फऱ्यावर, पाठीच्या कण्याच्या दोन्ही बाजूंना आणि माकडहाडाच्या वर कंबरेच्या हाडांवर. जाडा कुत्रासुद्धा इथे हाडकुळा लागू शकतो.

कारणंही वेगळी निघतात. भरपूर खातोय तरी बारीक होतोय आणि पाणी पितोय, शू खूप करतोय तर डायबिटीस तपासतात. खातोय पण शी ढीगभर, फिकट आणि मऊ, तर स्वादुपिंड पचनाचे एन्झाइम्स पुरेसे बनवत नसेल, जर्मन शेफर्डमध्ये हे जास्त दिसतं, टीएलआय नावाची ब्लड टेस्ट असते आणि खाण्यात एन्झाइम पावडर मिसळून बऱ्याच जणांचं छान चालतं. खातच नसेल तर दात, किडनी, कॅन्सर, बरंच काही.

मसल्स मात्र कुठून गेलेत ते आधी बघा. एकाच मागच्या पायाची मांडी बारीक झाली असेल तर बहुधा तो पाय दुखतोय म्हणून तो वापरतच नाहीये. फक्त डोक्याचे गेलेत आणि तोंड उघडताना त्रास होतोय तर तो चावायच्या स्नायूंचा वेगळाच आजार असू शकतो, त्यात लवकर व्हेटकडे गेलेलं बरं. सगळीकडचे हळूहळू गेले तर वय असू शकतं, पण हार्ट, किडनी आणि कॅन्सरमध्येही जातात, आणि ते नुसतं खाणं वाढवून परत येत नाहीत. उपाशी शरीर आधी चरबी वापरतं, या आजारांत चरबी शिल्लक असतानाही मसल्स जातात.

मी नेमकं तेच केलं, म्हातारी झाली म्हणून खाणं वाढवलं. निघाला कुशिंग नावाचा आजार. त्यात शरीरात कॉर्टिसॉल हे हार्मोन जास्त होतं, मसल्स झिजतात, पोट लोंबतं, पाण्याचा बाऊल सारखा रिकामा, आणि वजन तेवढंच किंवा जास्तच. स्टेरॉइडच्या गोळ्या बरेच दिवस चालू असतील तरी असंच दिसतं (पण त्या मनाने एकदम बंद करू नका, व्हेटला विचारून हळूहळू कमी करतात).

बाकी २० किलोच्या कुत्र्याचे न करता-सवरता २ किलो गेले तर वाट बघत बसू नका. घरी वजन करायला त्याला कडेवर घेऊन काट्यावर उभं राहायचं आणि आपलं वजा करायचं, अर्थात कडेवर मावत असेल तर. आणि व्हेटकडे जाताना वरनं काढलेला जुना फोटो न्या, लांब केसांच्या कुत्र्याचा असेल तर आंघोळीनंतरचा, कारण केस सगळं लपवतात.