पृथ्वीचे वय सांगणारे परके दगड

पृथ्वीने आपल्या बालपणाचा पुरावा जवळजवळ ठेवलेलाच नाही. तिचे सुरुवातीचे खडक वितळले, गाडले गेले, झिजून गेले. म्हणून तिच्या जन्माची चौकशी पृथ्वीबाहेरून आलेल्या दगडांकडे, म्हणजे अशनींकडे करावी लागते.

ते बाहेरचे आहेत हे पटायलाच बराच काळ गेला. जर्मन भौतिकशास्त्रज्ञ अर्न्स्ट क्लाड्नी यांनी १७९४ मध्ये तसे लिहिले, तेव्हा फारसे कुणी मनावर घेतले नाही. पण १८०२ मध्ये ब्रिटिश रसायनशास्त्रज्ञ एडवर्ड हॉवर्ड यांनी वेगवेगळ्या देशांत पडलेले दगड तपासले. त्यांत १७९८ मध्ये बनारसजवळ पडलेलेही होते. सगळ्यांतल्या लोखंडात निकेल निघाले, जे पृथ्वीवरच्या लोखंडात सहसा नसते! पुढच्याच वर्षी फ्रान्समध्ये लेगल गावावर दगडांचा पाऊस पडला आणि शंकेला फारशी जागा उरली नाही.

पृथ्वीच्या वयाचे कोडे मात्र १९५६ मध्ये अमेरिकन भूरसायनशास्त्रज्ञ क्लेअर पॅटरसन यांनी सोडवले. ॲरिझोनात विवर पाडणाऱ्या कॅन्यन डायब्लो या लोह-अशनीत ट्रॉइलाइट हे लोह आणि गंधकाचे खनिज असते. त्यात युरेनियम नसल्यातच जमा. शिशात भर पडते ती युरेनियमच्या किरणोत्सारी क्षयातून, तेव्हा या खनिजातले शिसे सूर्यमाला घडताना होते तसेच राहिलेले. मोजणीचा शून्य हाती लागला. इतर अशनींतले शिसे त्याच्याशी ताडल्यावर वय आले ४५५ कोटी वर्षे, आणि पृथ्वीचा नमुना म्हणून घेतलेले समुद्रतळाच्या गाळातले शिसेही आलेखावर अशनींच्याच रेषेवर बसले. खरा त्रास वेगळाच होता: हवेतले, धुळीतले शिसे नमुन्यात शिरायचे. त्यासाठी त्यांनी प्रयोगशाळा अक्षरशः घासूनपुसून काढली. (पेट्रोलमधल्या शिशाविरुद्ध ते पुढे उभे राहिले, त्याचे मूळ इथेच.)

१९६९ मध्ये मेक्सिकोत आयेंदे आणि ऑस्ट्रेलियात मर्चिसन या अशनी पडल्या. मर्चिसनमध्ये अमिनो आम्ले मिळाली. आयेंदेसारख्या अशनींतले कॅल्शियम-ॲल्युमिनियमचे पांढरे ठिपके सुमारे ४५६.७ कोटी वर्षांचे ठरले. सूर्यमालेतच घडलेले याहून जुने घन पदार्थ अजून मिळालेले नाहीत.

२००२ मध्ये हाफ्नियम या धातूच्या किरणोत्सारी क्षयातून होणाऱ्या टंगस्टनच्या मोजणीतून पृथ्वीचा लोखंडी गाभा सूर्यमालेच्या सुरुवातीपासून साधारण तीन कोटी वर्षांत वेगळा झाला असावा, असे दिसले.

पृथ्वी नेमकी कोणत्या मालापासून घडली, यावर मात्र अजून वाद आहे. समस्थानिकांच्या (एकाच मूलद्रव्याच्या वेगवेगळ्या वजनाच्या अणूंच्या) बाबतीत एन्स्टॅटाइट कॉन्ड्राइट या प्रकारच्या दगडी अशनी तिच्या सर्वांत जवळच्या. त्या कोरड्या समजल्या जात, पण २०२० मध्ये त्यांतही पाण्याचा घटक असलेला हायड्रोजन बराच सापडला. तरी घोडे अडते ते मॅग्नेशियम आणि सिलिकॉनपाशी: त्यांचे प्रमाण पृथ्वीच्या प्रावरणाशी, म्हणजे कवच आणि गाभा यांच्यामधल्या जाड थराशी, जुळत नाही.