स्प्रिंग आणि टॉमकॅट: कोणाचं काम कोणतं?

जळगाव, धुळे, शिरपूरकडची मुलं पुण्याला मुलाखतीला जातात तेव्हा "प्रोजेक्ट कशात केला?" याचं उत्तर बऱ्याचदा "टॉमकॅटमध्ये" असं येतं. मग समोरचा विचारतो, "आणि स्प्रिंगने काय केलं?" तिथे गाडी अडते. स्प्रिंग हे जावात अ‍ॅप्लिकेशन लिहायचं फ्रेमवर्क, तर टॉमकॅट हा ते वेबवर चालवणारा सर्व्हर. दोष मुलांचा नाही. २०१४ मध्ये स्प्रिंगचं काम झटपट सुरू करून देणारं स्प्रिंग बूट आलं आणि टॉमकॅट जारच्या (अ‍ॅप्लिकेशनच्या एका बांधलेल्या फाइलच्या) आतच बसला. जार चालवली की टॉमकॅट ८०८० पोर्टवर सुरू झाल्याची ओळ दिसते, दोन्ही एकच वाटतात.

समजा, जिनिंगवर कापसाची गाडी आली, काट्यावर वजन झालं, पावती करायची आणि रक्कम शेतकऱ्याच्या खात्यावर चढवायची. मुनीमजींनी 'सेव्ह' दाबलं. ती रिक्वेस्ट पोर्टवर घेणं, तिला थ्रेड (काम पुढे नेणारा धागा) देणं, सर्व्हलेटपर्यंत (रिक्वेस्ट हाताळणाऱ्या जावा कोडपर्यंत) पोचवणं, उत्तर परत पाठवणं, हे टॉमकॅटचं काम. कापूस, भाव, खातं यातलं त्याला काही कळत नाही.

आता पावती नोंदली गेली आणि रक्कम चढवताना एरर आली, तर पावतीही मागे घ्यायला हवी. नुसता टॉमकॅट हे बघत नाही. मेथडवर @ट्रान्झॅक्शनल लिहिलं की स्प्रिंग व्यवहार (ट्रान्झॅक्शन) उघडतं, सगळं नीट झालं तर कमिट म्हणजे नोंद पक्की, नाहीतर रोलबॅक म्हणजे सगळं मागे. यातला एक बारकावा मात्र पक्का लक्षात ठेवा: मेथडमधून चेक्ड एक्सेप्शन (जी हाताळायला किंवा जाहीर करायला कंपायलर भाग पाडतो अशी एरर) बाहेर पडलं तर स्प्रिंग आपणहून रोलबॅक करत नाही, कमिट करतं. तिथे @ट्रान्झॅक्शनलमध्ये रोलबॅकफॉर लिहावंच लागतं. शेतकऱ्याच्या पैशांचा हिशोब असेल तर हे सोडून चालणारच नाही.

म्हणून "स्प्रिंग की टॉमकॅट" अशी निवड नसतेच. टॉमकॅटची तुलना वाइल्डफ्लायशी करा. टॉमकॅट सर्व्हलेट कंटेनर आहे. वाइल्डफ्लाय, म्हणजे पूर्वीचा जेबॉस, पूर्ण अ‍ॅप्लिकेशन सर्व्हर. व्यवहार, मेसेजिंग, ईजेबी (सर्व्हरने सांभाळायचे जावा घटक) सगळं त्याच्याकडे तयार असतं. आणि स्प्रिंगची तुलना जकार्ता ईईशी, म्हणजे मोठ्या जावा अ‍ॅप्लिकेशनसाठीच्या ठरावीक मानकांशी; यांचंच नाव आधी जे२ईई, मग जावा ईई होतं. १९९९ च्या जे२ईईमध्ये साध्या कामालाही ईजेबीचा पसारा मांडावा लागे. त्याला कंटाळूनच रॉड जॉन्सन यांनी वेगळी वाट धरली आणि २००४ मध्ये स्प्रिंग १.० आलं. पुढे २००६ च्या जावा ईई ५ ने तो पसारा बराच आवरला, त्यामुळे "ईई म्हणजे जड" हे आज डोळे झाकून म्हणू नये.

जिनिंगला एकच डेटाबेस असेल तर माझ्या मते स्प्रिंग बूट पुरेसं. डेटाबेस आणि मेसेज क्यू एकाच व्यवहारात बांधायचे असतील, तर वाइल्डफ्लायचा विचार जरूर करावा.

कॉलेजच्या जुन्या प्रोजेक्टांना अजून एक गोष्ट नडते. जावा ईई ऑरॅकलकडून एक्लिप्स फाउंडेशनकडे गेलं आणि २०२० च्या जकार्ता ईई ९ मध्ये पॅकेजांची नावं जावाएक्सवरून जकार्ता झाली. टॉमकॅट ९ जुनी नावं ओळखतो, १० नवी. स्प्रिंग बूट २ ची वॉर फाइल (सर्व्हरवर टाकायची वेब अ‍ॅप्लिकेशनची फाइल) टॉमकॅट १० च्या वेबअ‍ॅप्समध्ये टाकली की डिप्लॉय झालेली दिसते, पण पान उघडलं की ४०४, म्हणजे पान सापडत नाही. अशा वेळी कोड उकरत बसू नका. टॉमकॅट ९ वर चालवा, किंवा स्प्रिंग बूट ३ वर या; त्याला किमान जावा १७ लागतं.