याकोबाची शिडी : गोधडीकामातील एक ब्लॉक

चौकोनी व त्रिकोणी कापडी तुकडे जोडून शिवलेला अमेरिकी गोधडीकामातील एक पारंपरिक ब्लॉक (पुन्हा पुन्हा जोडून गोधडी बनवायचा चौकोनी घटक). इंग्रजी नाव ‘जेकब्ज लॅडर’. हे नाव बायबलमधील उत्पत्ती 28 या अध्यायावरून आले आहे. भाऊ एसाव याच्या रागाला भिऊन बैर-शेबाहून हारानकडे निघालेला याकोब वाटेत उशाला धोंडा घेऊन झोपतो. स्वप्नात त्याला पृथ्वीवरून आकाशाला भिडलेली शिडी आणि तिच्यावरून चढणारे-उतरणारे देवदूत दिसतात. जागा झाल्यावर तो त्या ठिकाणाला बेथेल हे नाव देतो. योहानाच्या शुभवर्तमानात (1:51) येशूच्या बोलण्यात या दृश्याचे पडसाद आहेत. ख्रिस्ती परंपरेत शिडीचा अर्थ ख्रिस्ताशी जोडला गेला तो मुख्यतः त्यामुळे.

रचना : ब्लॉक तीन गुणिले तीन अशा नऊ घरांचा असतो. चार कोपऱ्यांत आणि मध्यभागी मिळून पाच घरांत प्रत्येकी चार लहान चौकोन (दोन गडद, दोन फिके) येतात. उरलेल्या चार घरांत प्रत्येकी एक गडद आणि एक फिका त्रिकोण कर्णावर जोडलेला असतो. मधल्या तिरप्या ओळीत सहा गडद चौकोन कोपऱ्याला कोपरा लावून वर चढत जातात, तीच शिडी. या ओळीतले एखादे घर पाव वळसा फिरले तरी ती तुटते.

शिवून झाल्यावर 9 इंच भरेल अशा ब्लॉकसाठी लहान चौकोन 2 इंचांचे कापतात, गडद 10 आणि फिके 10. त्रिकोणांसाठी 3⅞ इंचांचे दोन गडद आणि दोन फिके चौकोन कर्णावर कापतात. दाब (शिवणीबाहेर सोडलेली कापडाची कड) सर्वत्र पाव इंच. त्यात सूतभर फरक पडला तरी हिशेब बिघडतो. वरच्या आडव्या ओळीत चार शिवणी येतात. प्रत्येक शिवणीत दोन्हीकडचा दाब एक-षोडशांश इंच जास्त गेला, तर एकट्या त्या ओळीत ब्लॉक अर्धा इंच आखडतो. त्रिकोणाची लांब कड उरेब (कापडाच्या विणीला तिरपी) असल्याने ओढली की ताणते. म्हणून तिला टाचण्या लावून शिवतात आणि इस्त्री घासत नाहीत, वरून दाबतात. शिवणीची पट्टी गडद कापडाकडे वळवली तर फिक्या कापडातून तिची सावली दिसत नाही.

नाव आणि काळ : या आकृतीला किमान अर्धा डझन नावे आहेत. ‘स्टेपिंग स्टोन्स’ आणि ‘वॅगन ट्रॅक्स’ ही त्यांतली दोन. ‘द टेल ऑफ बेंजामिन्स काइट’ या नावात बेंजामिन फ्रँकलिनचा विजेच्या प्रयोगातला पतंग आहे, तर ‘अंडरग्राउंड रेलरोड’ हे नाव पळून जाणाऱ्या गुलामांना उत्तरेकडे नेणाऱ्या गुप्त मदत-जाळ्याचे आहे. गोधड्यांवर लिहिणाऱ्या रूथ फिनली यांनी 1929 मध्ये ही आकृती अमेरिकी स्वातंत्र्ययुद्धाच्या आधीची मानली आणि प्रांताप्रांतानुसार नावे बदलत गेल्याचे नोंदवले. पुढच्या पुष्कळ लेखनाने हे मत जसेच्या तसे उचलले. बार्बरा ब्रॅकमन यांच्यासारख्या नंतरच्या अभ्यासकांनी जतन झालेल्या गोधड्यांची कापडे आणि छापील नमुने तपासण्यावर भर दिला. त्या पद्धतीने पाहता, चार चौकोनांची जुळणी नि:संशय जुनी असली तरी या विशिष्ट ब्लॉकचा काळ साधारणतः 19व्या शतकाच्या अखेरीकडे सरकतो. हे मत अधिक ग्राह्य वाटते. नमुन्यांची नावे सर्वदूर रूढ झाली ती मुख्यतः मासिके व टपालाने विकले जाणारे नमुने यांमुळे, हेही लक्षात घ्यावे लागते.

वादाला 1999 नंतर वेगळे वळण मिळाले. गोधड्यांचे ब्लॉक हे पळणाऱ्या गुलामांसाठीचे सांकेतिक निरोप होते, असे त्या वर्षीच्या एका पुस्तकाने मौखिक आठवणीच्या आधारे मांडले आणि ते शाळांपर्यंत पोहोचले. बहुतेक इतिहासकारांना मात्र त्याला समकालीन पुरावा दिसत नाही. त्यातून गुलामी 1865 मध्ये संपली आणि ब्लॉक त्यानंतरचा असेल, तर त्याचा संकेत म्हणून उपयोग संभवत नाही. नाव स्मरणार्थ मागाहून दिले गेले असावे.

धार्मिक आशय : आकृतीत देवदूत नाहीत, धोंडा नाही. शिडी आहे ती नाव ठाऊक असलेल्यालाच दिसते. ‘स्टार ऑफ बेथलेहेम’ या ताऱ्याच्या नमुन्याचेही तसेच. तोच तारा टेक्सासच्या संदर्भात ‘लोन स्टार’ होतो. याउलट जॉर्जियातील अथेन्सजवळ गुलामीत जन्मलेल्या हॅरिएट पॉवर्स (1837–1910) यांनी याकोबाचे स्वप्न चक्क चित्र म्हणून शिवले. त्यांची बायबल गोधडी 1886 मध्ये अथेन्सच्या कापूस-जत्रेत मांडली गेली. तिच्या अकरा चौकटींपैकी एकीत कापडाचे आकार वरून लावून साकारलेले हे दृश्य आहे. आर्थिक ओढगस्तीमुळे पुढे त्यांना ती पाच डॉलरना विकावी लागली. आज ती स्मिथसोनियनच्या राष्ट्रीय अमेरिकी इतिहास संग्रहालयात आहे.

भारतातील समांतर उदाहरण : महाराष्ट्रातील गोधडीत किंवा वाकळीत ब्लॉक ही कल्पना सहसा नसते. जुन्या लुगड्यांचे थर आणि धावदोरा यांवरच तिचा भर असतो. कर्नाटकातील उत्तर कन्नड जिल्ह्यातील कोकणीभाषक सिद्दी (आफ्रिकी वंशाच्या समाजातील) स्त्रियांच्या ‘कवंद’ गोधड्यांत मात्र धर्मचिन्ह उघड येते. कॅथलिक कुटुंबांतील काही कवंदांवर ठिगळांचे क्रूस असतात. शिवण कडेने सुरू होऊन आत आत मध्याकडे सरकते आणि कोपऱ्यांवर घडी घातलेल्या तुकड्यांची ‘फुले’ बसवतात. अमेरिकी ब्लॉकशी कवंदाचा थेट संबंध नाही.